अमेरिकेतली ती नाण्यांची डिझाइन कमिटी नक्की करते तरी काय?

चांदीचा_गोल

मंडळी, प्रश्न जरा बाळबोध आहे, सांभाळून घ्या. दोनतीन वर्षं झाली, अमेरिकन कमेमोरेटिव्ह (एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून काढलेली) नाणी जमवतोय, फार नाहीत, खिसा हो म्हणेल तेवढीच. परवा सहज त्यांच्या सिटिझन्स कॉइनेज अ‍ॅडव्हायझरी कमिटीच्या एका मिटिंगची शब्दशः नोंद वाचायला घेतली आणि रात्रीचे दीड वाजले तरी हातातून सुटेना. एकाच नाण्याची ढीगभर चित्रं, त्यातल्या प्रत्येकावर कीस, हा हात असा वळतो का, ही टोपी त्या काळातली आहे का, इथे एवढी अक्षरं कशाला, मग सगळ्यांनी मार्क द्यायचे, बेरीज करायची, शिफारस करायची. एवढं सगळं करून शेवटी निर्णय ट्रेझरी सेक्रेटरीचा, म्हणजे त्यांच्या अर्थमंत्र्याचा! म्हणजे या लोकांच्या शिफारशीला किंमत आहे की नुसतं हळदीकुंकू आहे? आणि हे लोक निवडतं कोण? ते फाइन आर्ट्स कमिशन म्हणून आणखी एक आहे, त्याचा यात काय संबंध? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुनी_टांकसाळ

हळदीकुंकू म्हणता येणार नाही पण तुमचा संशय अगदीच फोल आहे असंही नाही.

आधी कमिटीचं. आत्ताची कमिटी २००३ च्या कायद्याने झाली, त्याआधी १९९२ च्या कायद्याने आलेली एक कमिटी होती, ती फक्त कमेमोरेटिव्हपुरती. आताच्या कमिटीत ११ जण. त्यात एक नाण्यांच्या संग्रहाचा क्युरेटर म्हणून काम केलेला, एक मेडल-शिल्पकलेतला, एक अमेरिकन इतिहासातला, एक नाणेशास्त्रातला आणि तिघं सामान्य जनतेचे प्रतिनिधी, असे सात. उरलेल्या चौघांची नावं काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांतले नेते सुचवतात, सत्ताधारी दोन विरोधी दोन. नेमणूक मात्र सगळ्यांची ट्रेझरी सेक्रेटरीच करतो, मुदत चार वर्षं. पगार नाही, येण्याजाण्याचा खर्च तेवढा मिळतो. म्हणजे पैशासाठी तिथे कोणी जात नाही, हौसेनेच जातात, आणि ती हौस तुम्ही वाचलेल्या नोंदीत दिसलीच असेल.

फाइन आर्ट्स कमिशन वेगळं, ते १९१० सालचं. सात जण, मुख्य काम वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारती, स्मारकं वगैरेंवर सल्ला देणं, नाण्यांचं काम त्यांच्या गळ्यात १९२१ पासून आलं. त्यांची नजर आर्किटेक्टची आणि कलावंताची, कमिटीची नजर संग्राहकाची आणि इतिहासाची. दोघांची आवड जुळलीच पाहिजे असं काही नाही आणि बऱ्याचदा जुळत नाहीच. मग सेक्रेटरीपुढे दोन वेगवेगळ्या शिफारशी जातात आणि तो एक घेतो.

आता मार्कांचं. प्रत्येक सदस्य प्रत्येक चित्राला ० ते ३ मार्क देतो. अकराच्या अकरा हजर असले तर जास्तीत जास्त ३३. निम्म्याहून कमी मिळाले तर शिफारस नाही, म्हणजे ३३ पैकी किमान १७ हवेत. नऊच जण असले तर २७ पैकी १४. सगळीच चित्रं आपटली तर एकाचीही शिफारस न करता टांकसाळीला परत पाठवता येतं. आणि मार्क झाले की खरी गंमत, कोणीतरी हात वर करून म्हणतं की पहिलं आलेलं चित्र घेऊ पण ते मागचं वाक्य काढा, मग त्यावर वेगळं मतदान. मला विचाराल तर मार्कांपेक्षा ही शेवटची पंधरा मिनिटं वाचा.

रेषाताई

माझं पोट चित्रं काढण्यावर चालतं म्हणून या धाग्यात नाक खुपसते. नाण्यांतलं मला फार कळत नाही पण त्या कमिटीची एक तक्रार वाचताना मी अक्षरशः टाळी वाजवली. त्यांचं म्हणणं असं की चित्रकार नाण्यावर गोष्ट सांगायला जातात. एक माणूस, त्याच्यामागे इमारत, इमारतीमागे झेंडा, झेंड्यावर गरुड, खाली तारीख, वर बोधवाक्य. कोलाज. २०११ मध्ये तर कमिटीच्या एका उपसमितीने अमेरिकन नाण्यांची कला कशी सुधारायची यावर आख्खा अहवालच काढला, प्रतीकं वापरा, नुसती दृश्यं उभी करू नका अशी ती एकूण हाक होती.

हे का म्हणतात ते कळायला घरी एक प्रयोग करा. कुठलंही नाण्याचं चित्र स्क्रीनवर मोठं बघा, सुंदर दिसेल. आता तेच ३८ मिलिमीटरला छापा, म्हणजे त्यांचा चांदीचा डॉलर. मग ३०.६ ला, म्हणजे हाफ डॉलर. मग २१.६ ला, म्हणजे पाच डॉलरचं सोन्याचं नाणं. कात्रीने गोल कापा आणि टेबलावर ठेवून उभ्याउभ्या बघा. मी केलं. डॉलरला चेहरा ओळखू येतो, हाफ डॉलरला डोळे म्हणजे दोन ठिपके, आणि सोन्याच्या नाण्यात तर मागचा जमाव म्हणजे सांडलेली मोहरी. आणि ही कागदावरची काळी रेघ आहे हं, नाण्यावर रेघ नसतेच, असतो तो उठाव आणि त्यावर पडलेला उजेड. चकचकीत प्रूफ नाणं (संग्राहकांसाठी आरशासारखं पॉलिश केलेलं) हातात फिरवलं की अर्धं चित्र आरशात जातं.

त्यात कायद्याने घालायचा मजकूर वेगळा. लिबर्टी, इन गॉड वी ट्रस्ट, युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका, ई प्लुरिबस युनम, साल आणि किंमत. दोन बाजूंत मिळून एवढं बसवायचं आणि वर प्रसंगाचं नाव. आमच्याकडे क्लायंट म्हणतो ना लोगो अजून थोडा मोठा करा, तसं इथे क्लायंट म्हणजे साक्षात संसद.

जुनी_टांकसाळ

@रेषाताई सांडलेली मोहरी 😂 हे मी ढापणार.

उठावावरून एक जुनं उदाहरण देतो. १९२६ चा हाफ डॉलर, स्वातंत्र्याला १५० वर्षं झाली म्हणून काढलेला, वॉशिंग्टन आणि कूलिज हे दोन राष्ट्राध्यक्ष शेजारी शेजारी. कूलिज तेव्हा हयात आणि खुर्चीवर, ते एक नवलच. पण उठाव इतका उथळ ठेवला की ठसा नीट उठलाच नाही, अगदी नवं नाणंसुद्धा झिजल्यासारखं दिसतं. लोकांनी घेतली नाहीत, बहुतेक नाणी परत येऊन वितळवली गेली. म्हणून कमिटीत मेडल-शिल्प कळणारा एक माणूस मुद्दाम ठेवलाय, बाकीचे चित्र बघतात, तो धातू बघतो.

कलम_पोटकलम

वर सगळ्यांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट राहतेय आणि माझ्या मते तीच मुळातली आहे. कमिटीपुढे चित्र येतं तेव्हा निम्मा निर्णय आधीच झालेला असतो, आणि तो सेक्रेटरीने नाही, कायद्याने केलेला असतो.

कमेमोरेटिव्ह नाणं निघतं ते काँग्रेसने त्यासाठी वेगळा कायदा केला तरच. विषय तिथे ठरतो, किती नाणी तेही तिथे, धातू तिथे, आणि कधीकधी चित्रसुद्धा तिथेच. अपोलो ११ ला ५० वर्षं झाली ते २०१९ चं नाणं घ्या. मागच्या बाजूला अंतराळवीर बझ ऑल्ड्रिनच्या हेल्मेटची काच, तिच्यात झेंडा आणि चांद्रयान दिसतंय, तो आर्मस्ट्राँगने काढलेला सुप्रसिद्ध फोटो, हे कायद्यातच लिहिलेलं होतं. नाणं बशीसारखं वळलेलं हवं हेही कायद्यातच. कमिटीने काय करायचं, काचेतल्या झेंड्याची सुरकुती बघायची? पुढच्या बाजूसाठी खुली स्पर्धा घ्या असंही कायद्यात, ज्युरीत या कमिटीचे तीन आणि फाइन आर्ट्सचे तीन. त्यातून जे आलं ते मात्र झकास आहे, चंद्राच्या मातीत उमटलेला बुटाचा ठसा आणि वर मर्क्युरी, जेमिनी, अपोलो ही अंतराळ मोहिमांची तीन नावं, नावांच्या मध्ये चंद्राच्या कला. बस. माणूस नाही, गरुड नाही. आणि नाणं त्या बाजूने खोलगट असल्यामुळे पाऊल खरंच खाली रुतल्यासारखं वाटतं, दुसऱ्या बाजूने फुगीर म्हणून हेल्मेटची काच काचेसारखी वाटते. रेषाताई, हे नाणं बघाच.

आता अजून एक गोष्ट जिचा कोणी उल्लेख केला नाही. मिटिंगमध्ये ज्या संस्थेसाठी नाणं निघतंय तिचा प्रतिनिधी पण असतो. कायद्यात सहसा शब्द असे असतात की सेक्रेटरीने त्या संस्थेशी आणि फाइन आर्ट्स कमिशनशी 'सल्लामसलत' करावी आणि या कमिटीने 'आढावा' घ्यावा. दोन शब्दांतला फरक बघा. संस्थेने म्हटलं आम्हाला सात नंबरचं आवडलं, की कमिटीतले काही जण लगेच तिकडे झुकतात आणि काही जण मुद्दाम उलटे जातात. नोंदी वाचताना ही ओढाताण फार मजेशीर वाटते.

खिसा_फाटका

एवढी कला कला करताय पण पैशाचं कोणी बोलेना. प्रत्येक नाण्यावर सरचार्ज असतो, नेहमीचा दर म्हणजे सोन्याच्या नाण्यावर ३५ डॉलर, चांदीच्या डॉलरवर १०, हाफ डॉलरवर ५, आणि ते त्या संस्थेला जातात. आपण नाणं घेतो म्हणजे वर्गणीच देतो. कमाल मर्यादा प्रत्येक कायद्यात वेगळी, अलीकडे बहुतेकदा सोन्याची ५० हजार, चांदीची ४ लाख, हाफ डॉलरची साडेसात लाख, सगळी खपली तर ९५ लाख डॉलर. खपत कुठे एवढी! तरी संस्थांची रांग आहेच.

९५-९६ च्या अटलांटा ऑलिंपिकची आठवण काढा जरा. एका ऑलिंपिकसाठी १६ प्रकारची नाणी!! पोहणं वेगळं, टेनिस वेगळं, सायकल वेगळी, होड्या वेगळ्या. वर प्रूफ वेगळं आणि साधं वेगळं, म्हणजे पूर्ण सेट करायचा तर ३२. संग्राहकांनी हात जोडले. त्यानंतर कायदा आला की १९९९ पासून वर्षाला दोनच विषय. शिवाय टांकसाळीचा खर्च आधी वसूल झाला पाहिजे आणि संस्थेनेही तेवढेच पैसे बाहेरून उभे केले पाहिजेत, तरच सरचार्ज मिळतो. (गंमत म्हणजे त्या अटलांटातली काही नाणी इतकी कमी खपली की आता तीच महाग आहेत. मी तेव्हा घेतली नव्हती. असो.)

चांदीचा_गोल

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. @कलम_पोटकलम तो सल्लामसलत आणि आढावा यातला फरक माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे हो. सेक्रेटरीने शिफारस बाजूला ठेवली असं खरंच होतं का? का नुसता कागदावरचा अधिकार आहे? मी ऐकलं की स्वातंत्र्याला २५० वर्षं म्हणून काढलेल्या २०२६ च्या नाण्यांच्या वेळी असं झालं.

कलम_पोटकलम

झालं की. अगदी ढळढळीत झालं. फक्त ती चलनातली क्वार्टर (पाव डॉलरची नाणी) आहेत, कायद्याच्या भाषेत कमेमोरेटिव्ह नव्हेत, पण कमिटीकडे दोन्ही येतात. पाच क्वार्टर होती. कमिटीने शिफारस केलेल्यांत गुलामगिरीविरुद्धचा लढा, बायकांचा मताधिकार आणि नागरी हक्क असे विषय होते. डिसेंबर २०२५ मध्ये टांकसाळीने जाहीर केले ते विषय म्हणजे मेफ्लॉवर करार, स्वातंत्र्ययुद्ध, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संविधान आणि लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण. म्हणजे नुसतं चित्र नाही, विषयच बदलले. कमिटीतल्या लोकांनी जाहीर नाराजी दाखवली, पण कायद्याने त्यांच्या हातात तेवढंच आहे.

खिसा_फाटका

मग हळदीकुंकूच की.

जुनी_टांकसाळ

@खिसा_फाटका नाही हो, एवढं सरळ नाही ते. एक मोठं उदाहरण दिसलं म्हणून बाकीच्या वीस वर्षांवर बोळा नका फिरवू. ज्या नाण्यांवर कोणाचं राजकारण अडलेलं नसतं, आणि बहुतेक नाणी तशीच असतात, तिथे कमिटी नाहीतर फाइन आर्ट्स, दोघांपैकी एकाचं तरी म्हणणं सहसा चालतं. आणि माझं म्हणणं वेगळंच आहे, कमिटीचा परिणाम त्या एका नाण्यावर बघू नका, पुढच्या नाण्याच्या चित्रांवर बघा. चित्रकार त्या मिटिंगमध्ये ऐकत असतात, टांकसाळीचे मेडलिक आर्टिस्ट (तिथले नोकरीतले कलाकार) आणि आर्टिस्टिक इन्फ्यूजन प्रोग्रॅममधले बाहेरचे चित्रकार सुद्धा. दहा वेळा 'गर्दी कमी करा' ऐकलं की अकराव्या वेळी गर्दी कमी होते. चित्र काढणाऱ्याची आणि ते धातूत घडवणाऱ्याची आद्याक्षरं नाण्यावर असतात, भिंग घेऊन शोधा.

रेषाताई

हे पटलं. माझ्या चित्राला ३३ पैकी ९ मिळाले आणि कारणं सगळी नोंदीत छापलेली असती तर मी दोन दिवस जेवले नसते, पण पुढचं चित्र नक्की वेगळं काढलं असतं.

आणि @कलम_पोटकलम, अपोलोचं नाणं फोटोत बघितलं. बुटाच्या ठशात बाजूने उजेड पडलाय तो फोटो बघा कोणीतरी, प्रत्येक खाच दिसते. २१.६ ला छापून पण बघितलं. पाऊल पाऊलच राहतं.

चांदीचा_गोल

मी पण आत्ता कात्री घेऊन बसलोय. माझ्या आवडत्या चार नाण्यांची सोन्याच्या मापाची गोल कापली, त्यातली तीन मोहरी निघाली. बायको विचारतेय हे काय चाललंय. उद्या पुढची मिटिंग वाचायला घेतो, या वेळी शेवटची पंधरा मिनिटं आधी.