मदत हवी आहे : कॅन कॅरियरवर बसत नाहीत, रंगही टिकत नाही

तिरकीफळी
मंडळी, रविवारी प्रदर्शन आहे, त्यामुळे घाई आहे. ऑनलाइन मागवलेले आठ कॅन कॅरियरवर रचले तर शेवटचे दोन बाहेरच राहतात. शेजारचा जवान उगाच बुटका दिसतो. रंग दोनदा दिला, नखाने सोलून निघतो. काय करू?

पेट्रोलपंप
सायकलचं कॅरियर का? आणि वीस लिटरच्या कॅनला रंग कशाला?

तिरकीफळी
अहो, डायोरामा, म्हणजे छोट्या मॉडेलांचा देखावा! युनिव्हर्सल कॅरियर, लष्करी गाडी. कॅन पेट्रोलचे.

बारीकराव
मॉडेलचं स्केल, म्हणजे खऱ्यापेक्षा किती पट लहान? कॅन प्लास्टिकचे की रेझिनचे? प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मारला होता? हे कोण सांगणार?

अण्णा_खटपटे
विकत आणायचेच कशाला? मी पेनाच्या टोपणांची पिंपं करतो. खर्च शून्य.

बारीकराव
अण्णा, त्यांना पिंपं नकोत. पेट्रोलचा खरा जेरीकॅन साधारण ४७ सेंमी उंच. १/३५ मध्ये साडेतेरा मिमीच्या आतबाहेर, १/३२ मध्ये पावणेपंधरा. पट्टी लावा.

तिरकीफळी
गाडी १/३५. कॅन पावणेपंधराच भरले :( पाकिटावर स्केल लिहिलेलंच नाही. थ्रीडी प्रिंट आहेत, रेझिनचे. प्रायमर लागतो का?

बारीकराव
लागतो! आधी जुना रंग काढा, मग भांड्याचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळू द्या, प्रायमर, मग रंग. आणि हो, रेझिनला प्लास्टिकचं सिमेंट (प्लास्टिक मॉडेल जोडायचा गोंद) चिकटत नाही, फेव्हिक्विक वापरा. स्केलमधला फरक उंचीला नऊ टक्केच, पण तो तिन्ही बाजूंनी वाढतो, म्हणून आकारमान तीस टक्क्यांनी फुगतं. डोळ्याला तेच खटकतंय.

वाळूचाकिल्ला
दोन कॅनवर मोठा पांढरा क्रॉस काढा. पाण्याचे कॅन वाटतील, छान दिसेल.

बारीकराव
ती जर्मनांची खूण. प्रसंग कुठला आहे?

तिरकीफळी
सांगायचं राहिलं. इटली, सेनियो नदी, एप्रिल १९४५. नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती लढाई, मराठा बटालियन.

पेट्रोलपंप
मग ब्रिटिशांचे चौकोनी पत्र्याचे डबे ठेवा की, चार गॅलनवाले.

बारीकराव
ते आफ्रिकेच्या वाळवंटात इतके गळले की ब्रिटिशांनी जर्मन कॅनचीच नक्कल केली. 'जेरी' म्हणजे जर्मन, नावातच आहे. १९४५ ला जेरीकॅनच बरोबर. पकडलेला एखादा जर्मन कॅनही चालेल, मग वाळूचाकिल्ला यांचा क्रॉस लागू पडेल. एकावरच हां.

वाळूचाकिल्ला
धन्यवाद :) आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असायचा. शेजारी वाघ, तो मावळ्याएवढाच. कुणी स्केल विचारलं नाही.

अण्णा_खटपटे
आमच्याकडे गवळणही असायची, हत्तीएवढी.

बारीकराव
विषयावर येऊ. तिरकीफळी, कॅन कापून लहान होणार नाहीत. मांडणीत अगदी पुढे, बघणाऱ्याजवळ ठेवा. जवळची वस्तू मोठी दिसतेच. जवानाला मात्र त्यांना चिकटवून उभा करू नका.

तिरकीफळी
हे जमेल. चार पुढे चिखलात ठेवतो, बाकीचे बाद. सगळे आत्ताच साबणाच्या पाण्यात टाकलेत. पण कॅरियर मोकळं दिसेल, त्यावर ताडपत्री टाकावी म्हणतो. कशाची करू?

अण्णा_खटपटे
टिश्यू पेपर, पातळ केलेला फेव्हिकॉल. बघा, आलात ना घरगुती उपायावर.