मेरी ॲनिंगच्या शेजारणी

इंग्लंडच्या समुद्रकाठच्या लाइम रीजिस गावात जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंगवर बरंच लिहिलं जातं, पण त्यातून ती एकटीच कड्याखाली दगड फोडत होती असं चित्र उभं राहतं. ते तितकंसं खरं नाही. 1805 च्या सुमारास तिथे फिलपॉट बहिणी राहायला आल्या, तिघी अविवाहित. त्यातली एलिझाबेथ मेरीहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठी आणि खात्यापित्या घरची. मेरीचं घर सुतारकाम करणाऱ्याचं, बाप 1810 मध्येच गेलेला. तरी दोघी बरोबर जीवाश्म शोधायच्या. एलिझाबेथचा भर माशांवर. 1834 मध्ये जीवाश्म माशांचा अभ्यासक लुई आगासी आला तेव्हा दोघींनी त्याला मदत केली, आणि त्यानं माशांच्या प्रजातींना दोघींची नावं दिली. हे त्या काळी दुर्मीळच!

मला सर्वात आवडतं ते शाईचं प्रकरण. बेलेम्नाइट हा माकुळाचा प्राचीन नातलग. त्याच्या जीवाश्मातली सुकलेली शाई पाण्यात कालवून एलिझाबेथनं इक्थिओसॉर या प्राचीन सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचं चित्र काढलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीची शाई, विषयही त्याच काळातला.

गावातलं संग्रहालय मेरीच्या जन्मघराच्या जागी आहे, पण बांधलं फिलपॉटांच्या पुतण्यानं. बहिणींचा संग्रह मात्र ऑक्सफर्डला आहे.