बेताचं म्हणजे गरिबीचं का?

परवा भाची पणजोबांवर निबंध लिहीत होती. “त्यांची परिस्थिती बेताची होती” हे मी सांगितलेलं वाक्य तिनं खोडलं आणि “ते गरीब होते” असं केलं. म्हटलं, अगं, हे एक नव्हे. तर म्हणाली, “मावशी, बेताची म्हणजे गरीबच ना, फक्त लाजून सांगितलेलं.”

मला ते लागलं. आमच्या घरात ‘बेताचं’ हा कौतुकाचा शब्द. आई कणीक भिजवायची ती बेताची. रात्रीची जेवणं झाल्यावर डब्यात पोळी उरली नाही आणि कुणाला कमीही पडली नाही, की ती डबा पालथा करून म्हणायची, “बघ, कसं बेतात झालं!” त्या रात्री ती खुशीत असायची. मीठ बेताचं, फोडणीत तेल बेताचं, बोलणंसुद्धा बेताचं. यात गरिबी कुठे आली?

आता मला वाटतं की या शब्दाचं मूळ घर शिवणकामात आहे. कापड ‘बेतणं’ म्हणजे अंगाच्या मापानं कापायला आखणं. हिंदीतल्या ‘ब्योंत’लाही हेच दोन अर्थ आहेत, कपड्याची काटछाट आणि युक्ती. आईचं पायमशीन होतं. ब्लाउजचं कापड ती सतरंजीवर अंथरायची आणि वर्तमानपत्राचे कापलेले कागद त्यावर मांडायची. पाठ इकडे, पुढचे भाग उलटे फिरवून तिकडे, बाह्या मधल्या बेचक्यात. खडू हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत बसायची. मग दोन कागद असे काही सरकवायची की एका कडेला वीतभर पट्टा अखंड सुटायचा. “बसवलं!” एवढंच म्हणायची. त्या पट्ट्यातून शेजारच्या बाळंतिणीच्या बाळाला टोपडं व्हायचं.

जेवणाचा ‘बेत’, सहलीचा ‘बेत’, ‘बेतशीर’ खर्च, ‘बेतास बात’ अभ्यास, झालंच तर सत्यघटनेवर ‘बेतलेला’ चित्रपट, ही सगळी मला त्या सतरंजीवरची भावंडं वाटतात. हाताशी आहे तेवढ्यात नीट बसवणं हा त्यांतला समान धागा. ‘बेतास बात’मध्ये मात्र थोडी नापसंती शिरली आहे, ते मान्य.

तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात? आणि घरात जपून, मजेत राहण्याचे तुमचे शब्द कोणते?

*

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, तुम्ही सांगताय त्याला सरळ शब्द आहे, काटकसर. पण त्याची फोड बघण्यासारखी आहे. ‘काट’ म्हणजे कापणं. ‘कसर’ अरबीतून आली, तिकडे अर्थ मोडणं, तुकडा, अपूर्णांक. मराठीत येऊन ती चांगलीच रुळली. कामात कसर राहते, मागची कसर भरून काढतात, ताप उतरला तरी अंगात कसर असते. शालीला लागते ती कसर म्हणजे कीड, ती वेगळी. तेव्हा काटकसर म्हणजे खर्चाचे बारीक तुकडे काढत राहणं.

काटकसर आणि चिकटपणा यांत आमचे वडील फार काटेकोर फरक करायचे. स्वतः अर्धा कप चहा घेणारा काटकसरी, पाहुण्याला अर्धा कप देणारा चिक्कू. आमच्याकडे पाहुणा आला की दुधात पाणी घालायचं नाही हा नियमच होता, महिनाअखेर असली तरी.

*

प्रतिसाद, सातारा

शिवणीचा विषय निघाला आणि ‘माया’ कुणीच आठवली नाही? शिवताना शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्याकडे माया म्हणतात. “अंगात माया ठेवा हो, पोरगी वाढतीय,” असं शिंप्याला बजावून सांगायचं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आई गणवेशाचा फ्रॉक उसवायची, माया सोडायची. घेर खाली यायचा आणि जिथे आधी दुमड होती तिथे गडद निळी रेघ दिसायची, कारण तेवढ्या कापडाला ऊन लागलेलंच नसायचं. ती रेघ मला आवडायची. माझा फ्रॉक किती वर्षांचा आहे हे त्या रेघा मोजून सांगता यायचं.

माया म्हणजे जीव लावणं, माया म्हणजे गाठीला जमवलेला पैसा, आणि शिवणीतलं राखीव कापडही मायाच. याहून नेमकं नाव कुणी ठेवलं असतं असं मला वाटत नाही.

*

धागा काढणारी

वाचून उठले आणि कपाटातलं आईनं शिवलेलं पोलकं काढून उलटं केलं. दोन्ही बगलेत बोटभर माया आहे, अजून. शब्द माहीत होता, पण तो इथे आणायला हवा हे सुचलं नाही.

*

प्रतिसाद, कोल्हापूर

लुगड्याला ‘दंड घालणं’ हे आता किती जणांना कळेल? नऊवारी लुगडं मधोमध विरायचं, काठपदर मात्र धड असायचे. मग मधला विरलेला भाग कापून काढायचा, उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायचे, शिवण नेसण्यात अशी लपवायची की बाहेरून दिसू नये. ठिगळ वेगळं, ते वरून लावतात. रफू वेगळं, त्यात धाग्यानं वीण भरतात, शब्द फारसीतून आलेला. दंड म्हणजे कापून पुन्हा सांधणं.

तेही फाटलं की लुगडं वाकळेत जायचं. तुम्ही गोधडी म्हणता ती आमची वाकळ. आजीच्या लुगड्यांची वाकळ घेतली की झोप लगेच लागायची. मऊपणाचं म्हणाल, तर नव्या दुलईला तो यायला वीस वर्षं लागतील. वाकळ विटली की पटकूर, पटकुराचं पोतेरं. एकाच कापडाला वयाप्रमाणे नावं होती.

*

प्रतिसाद, नागपूर

मला जरा वेगळं बोलायचं आहे. ‘बेताची परिस्थिती’ ऐकायला गोड करू नका. आमच्या घरी ती होती आणि तिच्यात ओढाताण होती. पै पै जोडणं म्हणतो तेव्हा पै म्हणजे काय ते लक्षात घ्या. 1957 पर्यंतच्या हिशेबात रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. तेवढा बारीक तुकडा जोडत बसावं लागणं ही काही हौस नव्हती.

पण भाचीचं उत्तरही चूक आहे. मराठीत या पायऱ्या स्पष्ट आहेत. खाऊनपिऊन सुखी, मग बेताची, मग ओढगस्तीची, मग हातातोंडाची गाठ पडणं मुश्कील, आणि तळाला अठराविश्वे दारिद्र्य. अठरा विसे म्हणजे 360, वर्षाचे सगळे दिवस, असा त्याचा अर्थ सांगतात. बेताच्या घरात दोन वेळची चूल पेटते, पण सणाला कुणाचे कपडे आधी घ्यायचे हे ठरवावं लागतं. त्याला गरिबी म्हटलं तर खालच्या पायऱ्यांवर उभं असलेल्यांसाठी शब्द उरत नाही.

*

धागा काढणारी

दादा, हे पटलं. मी डबा पालथा करणारी आई सांगितली. पोळ्या मोजून कराव्या लागत होत्या हे सांगायचं राहिलं. दोन्ही एकाच घरातलं आहे. आनंद खरा होता आणि मोजणंही.

*

प्रतिसाद, नाशिक

स्वयंपाकघरातला एक शब्द माझाही, ‘पुरवठ्याला येणं’. सरकारी पुरवठा खात्यानं आणि पाणीपुरवठ्यानं हा शब्द पळवला, पण सासूबाई म्हणतात, “जाड पोहे घे, पुरवठ्याला येतात.” म्हणजे तेवढ्याच पैशात जास्त दिवस टिकतात. आणि ‘पुरवून पुरवून खाणं’! आत्यानं आणलेल्या वडीचा एकेक कोपरा दाताखाली धरून दुपारभर चालवायचा. हे नाइलाजानं होत नव्हतं, त्यात चव लांबवण्याची मजा होती. पुरणं, पुरवणं, पुरवणी आणि पोळीतलं पुरण, सगळी एकाच मुळाची, भरणं या अर्थाची. पुरवून खाल्लं की पोटाआधी दुपार भरायची.

तूप कढवल्यावर खाली राहते ती बेरी. तिच्यात साखर घालून आम्हा भावंडांत वाटणी व्हायची आणि त्याच भांड्यात आई कणीक भिजवायची, भांड्याला लागलेलं तूप वाया जाऊ नये म्हणून. त्या दिवशीच्या पोळ्यांना वेगळाच वास. दुधाच्या पातेल्याची खरवड ज्याच्या वाट्याला येईल तो राजा.

दोडक्याच्या शिरा टाकणाऱ्यांचं तर मला वाईटच वाटतं. बारीक चिरून तेलावर मंद परतायच्या, चांगल्या कुरकुरीत होऊ द्यायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखटमीठ. भाजीपेक्षा चटणीच आधी संपते.

*

प्रतिसाद, पुण्याहून

कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच. मांडे गव्हाच्या तलम सपिटाचे होतात, कोंड्याचे होणं शक्य नाही, म्हणून तर ती म्हण एवढं मोठं कौतुक आहे. शिळ्या पोळीचा कुस्करा तसा सोपा, पण आदल्या रात्रीपासून त्याची वाट बघायचो आम्ही. मुद्दाम दोन पोळ्या जास्त करायला लावायचो.

*

प्रतिसाद, सातारा

मग त्या बेतात नाही झाल्या!

*

प्रतिसाद, नागपूर

शिळं आधीच धरून केल्या, म्हणजे बेतातच झाल्या. आमच्याकडे उरलेल्या वरणात कणकेची फळं सोडतात. वरण उरलं की वरणफळं होणार म्हणून पोरं ताटात वरण कमी वाढून घ्यायची.

मला एक विचारायचं आहे. अशा बाईला किंवा माणसाला म्हणायचं काय? काटकसरी म्हटलं की फक्त पैसा डोळ्यांपुढे येतो. आमची आई निगुतीची होती असं आम्ही म्हणतो. वस्तू, माणूस, वेळ, सगळ्यांची निगा.

*

प्रतिसाद, कोल्हापूर

टुकीची. “टुकीनं संसार केला” म्हणतात की. निगुतीत जपणूक जास्त, टुकीत हुशारी जास्त. दंड घातलेलं लुगडं नेसून लग्नाला गेली आणि कुणाला कळलं नाही, ती टुकी. तेच लुगडं पुढं सात वर्षं टिकवलं, ती निगुती.

*

धागा काढणारी

हा फरक मी वहीत उतरवून ठेवला. तेलाबद्दल आई ‘हात राखून’ म्हणायची आणि दानाबद्दल ‘सढळ हातानं’, तेही त्याखाली लिहिलं. ते दोन्ही हात एकाच बाईचे होते.

काल निबंध पुन्हा वाचला. खोडलेलं वाक्य परत आलं आहे, पुढे थोडी भर घालून: “पणजोबांची परिस्थिती बेताची होती, पण पणजी टुकीची होती. ती फ्रॉकमध्ये माया ठेवायची.” हा धागा मी तिला दाखवला नव्हता. दुपारभर ती आजीजवळ बसली होती आणि मशीनवरचं कापड काढून दोघींनी त्याला तेल घातलं होतं, एवढंच मला माहीत आहे.