मदत हवी आहे: बलामाची गाढवी मुलांना कशी सांगू?

जय ख्रिस्त मंडळी. येत्या रविवारी संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या गणना पुस्तकाचा 22वा अध्याय घ्यायचाय. मवाबचा राजा बालाक इस्राएलला शाप द्यायला बलाम या द्रष्ट्याला बोलावतो आणि तो गाढवीवर बसून निघतो. तलवार उपसलेला देवदूत गाढवीला तीनदा दिसतो. ती आधी शेतात शिरते, मग बलामाचा पाय भिंतीशी चेंगरते, शेवटी खाली बसते. आणि हा द्रष्टा तिला बडवतोच! ती बोलायला लागली तरी याला नवल नाही, उलट भांडतो. (इथे मुलं हसणार, ते सोपं.)

माझं अडलंय वेगळीकडेच. 20व्या वचनात देव बलामाला 'जा' म्हणतो आणि 22व्यात तो गेला म्हणून कोपतो. मागे एका पोराने हेच विचारलं, मी विषय बदलला. 12व्यातलं 'जाऊ नको' बलामाने मनावर घेतलं नव्हतं, म्हणून का? दहा वर्षांच्या मुलांना तुम्ही कसं समजावता?