तेरा गोळ्यांची ब्राउनिंग मोडीत काढायची का?

लोहारपेठ (पुणे)
काल समीरने लिहिलं : "ब्राउनिंग हाय-पॉवर ही संग्रहालयात ठेवायची वस्तू. जुन्या धातूच्या पिस्तुलांत खरं पिस्तूल एकच, बेरेटा ९२. सीझेड ७५ म्हणजे उसनवारी." (पहिलं बेल्जियमचं पिस्तूल, दुसरं इटलीचं, तिसरं चेक.) वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

जॉन ब्राउनिंग १९२६ साली लीएजजवळ एर्स्तालच्या कारखान्यात वारला, तेव्हा हे पिस्तूल पुरं झालेलं नव्हतं. फ्रेंच सैन्याला जास्त गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं, त्यातून काम सुरू झालं होतं. ते तडीस नेलं द्युदोने सैव्हने. दोन रांगांचं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) त्याचंच. १९३५ साली तेरा गोळ्यांचं पिस्तूल तयार झालं आणि फ्रेंचांनी ते घेतलंच नाही. तेरा गोळ्या पोटात घेऊनही मूठ बारीक कशी? कारण चापाकडून घोड्याकडे जाणारा दुवा मॅगझिनच्या शेजारून नेलेला नाही, तो वर स्लाइडमधल्या (मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागातल्या) तरफेतून जातो. बेरेटात तो उजव्या अंगाने पट्टीसारखा जातो. मूठ हातात धरा, फरक कळेल.

महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर हेच पिस्तूल स्वतःसाठी चालू ठेवलं आणि समोरच्या बाजूला कॅनडात इंग्लिस कंपनी तेच बनवत होती. आपल्याकडे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं '९ मिमी १ए' म्हणजेही तेच. एवढ्यांनी उचललेली वस्तू संग्रहालयात ढकलायला निघालायस?

समीर_टेक्सास
इतिहास पाठ आहे मला. माझ्याकडे हाय-पॉवर आणि बेरेटा दोन्ही आहेत, म्हणून बोलतो. हाय-पॉवरचा चाप खरखरीत, कारण मॅगझिन काढलं की गोळी सुटू नये म्हणून चापात एक बारका दट्ट्या बसवलाय. तो सारखा मॅगझिनच्या अंगावर घासतो. त्यानेच बटण दाबल्यावर मॅगझिन सटकन खालीही पडत नाही. घोडा अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात चावतो. गेल्या महिन्यात एका दुपारी माझी हाय-पॉवर सहा वेळा अडकली. सहा! बेरेटा त्याच दिवशी, त्याच गोळ्यांवर, एकदाही नाही. अमेरिकेच्या सैन्याने १९८५ साली बेरेटा घेतली ती तीस वर्षं चालवली, हे विसरू नका.

वैदेही_ब्रनो
घेतली ती का घेतली तेही सांगा ना. १९८४ च्या चाचणीत शेवटी दोनच उरल्या, बेरेटा आणि सिग पी२२६. दोन्ही पास. सगळा खर्च धरून बेरेटा स्वस्त पडली. पुढे १९८७-८८ मध्ये बेरेटाच्या स्लाइड मागून तुटून नौदलाच्या जवानांच्या तोंडावर आल्या. त्यानंतर घोड्याच्या खिळ्याचं डोकं मोठं केलं, तुटली तरी स्लाइड फ्रेमवरच (खालच्या सांगाड्यावरच) अडकावी म्हणून. ती ९२एफएस. तुमच्याकडे तीच असणार.

आणि सीझेडला उसनवारी म्हणाल तर मान्य. स्लाइड फ्रेमच्या आतून धावते हे स्विस पी२१० पिस्तुलात आधीपासून होतं, बॅरल (नळी) अडकवायची पद्धत ब्राउनिंगचीच. पण कोउत्स्की बंधूंनी उहेर्स्की ब्रोडला १९७५ साली जे जमवलं ते आधी कुणी जमवलं होतं? पंधरा गोळ्या, पहिली गोळी चाप लांब ओढून झाडा, नाहीतर घोडा चढवून सेफ्टी लावून वागवा. पेटंटं देशातच गुप्त ठेवल्यामुळे इटलीपासून सगळ्यांनी नकला केल्या. नक्कल वाईट वस्तूची कुणी करत नाही.

मी मूळची कोल्हापूरची, हात लहान. इथल्या क्लबात प्रशिक्षक शेजारी उभा राहतो आणि मी नेम धरते. बेरेटाचा पहिला चाप ओढताना माझं बोट जेमतेम टोकाने पोचतं आणि नळी डावीकडे सरकते. सीझेडवर बोटाचं पेर नीट बसतं. किलोभर पोलाद असल्यामुळे धक्काही मवाळ. एकच तक्रार : स्लाइड इतकी बुटकी की मागे ओढताना घामेजल्या बोटांतून निसटते.

कपाशीवाला_यवतमाळ
तुमचं चालू द्या, पण मला राहवत नाही. इथे बसून या पिस्तुलांच्या ज्या ९ मिमीवर भांडतोय तो सामान्य माणसाला बंदीचा बोअर (नळीचं माप) आहे. आम्हाला .३२, तेही लायसन्स मिळालं तर. रानडुकरं शेत उकरून टाकतात, मी अर्ज केला त्याला चार वर्षं झाली. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, पोलिस अहवाल दोनदा गहाळ. २०१९ ला कायदा बदलून एका माणसाला तीनाची दोन हत्यारं केली. माझ्या आजोबांची बारा बोअर पडून आहे, तिचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

लोहारपेठ
दादा, तुमचं दुखणं खरं आहे, पण त्यावर वेगळा धागा काढा. इथे फाटे फुटतील.

कोत_हवालदार (सातारा)
फाटा मीच फोडतो. बावीस वर्षं आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो. १ए किती खोलली-बांधली त्याला हिशोब नाही. समीरराव, सहा वेळा अडकली म्हणता. मॅगझिन कोणतं होतं?

समीर_टेक्सास
मॅगझिनचा काय संबंध? पिस्तूल अडकलं.

कोत_हवालदार
सगळा संबंध. तुम्ही तिघं पिस्तुलावर भांडताय, मी म्हणतो भांडण मॅगझिनचं आहे. एका रांगेच्या मॅगझिनमध्ये गोळी सरळ वर येते. दोन रांगांच्या मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या डावी-उजवी करत वर येतात आणि शेवटच्या बोटभर जागेत एका रांगेत घुसतात. तिथे मॅगझिनच्या तोंडाचे ओठ (गोळी धरून ठेवणाऱ्या वळवलेल्या कडा) केसभर फाकले की गोळीचं नाक वर जातं किंवा खाली घुसतं. कोतमध्ये (हत्यारांच्या कोठारात) जवान हत्यार अडकलं म्हणून घेऊन यायचे. मी हत्याराला हात लावायच्या आधी मॅगझिन काढून उजेडाकडे धरायचो, ओठांवर अंगठा फिरवायचो. दहातल्या आठ वेळा दोष तिथेच सापडायचा. एका युनिटमध्ये मॅगझिनं नंबराप्रमाणे ठेवायची शिस्तच नव्हती, कुणाचं कुणालाही. मी प्रत्येकावर रंगाचा ठिपका लावला, तेव्हा तक्रारी थांबल्या. आणि महिनोन् महिने तेरा भरून ठेवू नका, स्प्रिंग मरते.

चाकण_वर्कशॉप
काका, आदर ठेवून सांगतो, हे चूक आहे. मी व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या लाइनवर अठरा वर्षं आहे. नीट तापवून बसवलेली स्प्रिंग दाबून ठेवल्याने मरत नाही, वारंवार दाबून-सोडून थकते. रोज भरणं-उपसणं जास्त वाईट.

कोत_हवालदार
तुमच्या गाडीच्या स्प्रिंगला पावसाळी चौकीची ओल लागते का? गंज लागतो का? चिंदी फिरवून तेल कोण लावतं? मी हाताने मोजलेलं आहे. नवी स्प्रिंग आणि वर्षभर भरलेली शेजारी उभी करून बघितली, दोन वेढ्यांचा फरक.

चाकण_वर्कशॉप
तो फरक पहिल्या काही भरण्यांतच पडतो, नंतर थांबतो. नवीशी तुलना केली तर दिसणारच! ताकद मोजली का? उंची म्हणजे ताकद नव्हे.

कोत_हवालदार
साहेब, जवानाच्या हातात हत्यार अडकतं तेव्हा कारण तुमच्या वहीत शोधायचं का?

वैदेही_ब्रनो
दोघं थोडं थांबा. काका म्हणतात ते मॅगझिनचं मोठ्या प्रमाणावरही घडलंय. इराकमध्ये अमेरिकनांची बेरेटा बारीक धुळीत अडकायला लागली, तेव्हा बोट मॅगझिनांकडे गेलं. खरखरीत फॉस्फेटचा लेप आणि त्यात पिठासारखी वाळू. पुढे वाळूसाठी गुळगुळीत लेपाची मॅगझिनं काढावी लागली.

चाकण_वर्कशॉप
ठीक. शेवटची गोळी भरताना स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत असतील तर दाबून ठेवल्यानेही नुकसान होतं, हे मान्य करतो. बारा भरा. पण "स्प्रिंग मरते" हे सरसकट लिहू नका, लोक तेच खरं धरून बसतात.

कोत_हवालदार
बारा. तेवढं मलाही चालेल.

लोहारपेठ
समीर, तू गप्प का?

समीर_टेक्सास
तीन दिवस गेले कारण रेंजवर जाऊन आलो. हाय-पॉवरची तीन मॅगझिनं होती. एक पिस्तुलाबरोबर आलेलं, दोन जुन्या मालाच्या दुकानातून स्वस्तात घेतलेली, कुणी बनवली त्याचा पत्ता नाही. काकांनी सांगितलं तसं उजेडाकडे धरलं. एकाचा डावा ओठ उघडाच होता, नखाला जाणवतो इतका. ते बाजूला ठेवलं आणि उरलेल्या दोघांवर दीडशे गोळ्या झाडल्या. एकही अडकली नाही. ते 'संग्रहालय' मागे घेतो. पण चाप खरखरीतच आहे आणि मी बेरेटाच वापरणार. घोडा चावतो तेही तुम्ही मान्य करा.

कोत_हवालदार
चावतो. मोठा हात आणि मूठ उंच धरायची सवय. उजव्या बेचक्यात अजून पांढरी रेघ आहे.