अनुभव धागा: साठीनंतर एकट्यानं वेळ कसा घालवता?

करवीरची_माई
सकाळी लेकीचा बेंगळुरूहून फोन. "आई, एकटी कंटाळत असशील, इकडंच ये." आणि मला एकदम आत्या आठवली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वीस-बावीस माणसांचं घर, पण दुपारची झाकपाक झाली की आत्या माडीवर जाऊन कडी लावायची. आम्हा पोरांना केवढं गूढ! एकदा फटीतून बघितलं, तर बाई एकटीच पत्त्यांचा डाव मांडून बसलेली आणि स्वतःलाच लबाड म्हणत होती. आता मीही कडी लावते. शब्दकोडं, लोळणं, काहीही. तुमचं सांगा. आणि अंगातला कुठला गुण या वयात कामी येतोय?

रंकाळा_फेरी
पहाटे रंकाळा तलावावर फेरी, संध्यामठाच्या बाजूनं. ग्रुपवाले हाका मारतात, मी हात करून पुढं. सकाळी सकाळी गुडघ्यांची चर्चा नको.

निवृत्त_मास्तर
गुणांवरून सांगतो. पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये माणसाच्या २४ बलस्थानांची मांडणी केली. कुतूहल, विनोद, कृतज्ञता, चिकाटी वगैरे. आपल्यात जे मुळात तगडं आहे ते रोज वापरात ठेवा, असा त्याचा रोख. माझं कुतूहल. करवीर नगर वाचन मंदिरात जातो (१८५० सालचं आहे ते!) आणि ज्यातलं ओ की ठो कळत नाही तेच पुस्तक उचलतो. सध्या मधमाश्या. हिला जेवताना रोज राणीमाशी ऐकावी लागते.

तांबडा_पांढरा
मास्तर, २४ मध्ये तिखट खाणं बसतंय का? मग आपण पास.

निवृत्त_मास्तर
चिकाटीत घाला.

राजारामपुरी_८वी_गल्ली
कुकर लावलाय, पटकन लिहिते. तुमचं सगळं छान, पण हे गेल्यावर पहिलं वर्ष एकटं बसणं म्हणजे छळ होता. घरात आवाज पाहिजे म्हणून टीव्ही मोठ्यानं लावून ठेवायची. शेजारच्या पोरीला संध्याकाळी गणित शिकवायला लागले तेव्हा कुठं दुपार आवडायला लागली. कुणीतरी येणार आहे हे माहीत असलं की एकटं बसायला काही वाटत नाही. शिट्टी झाली, आले.

करवीरची_माई
लाख बोललात ताई. लेकीला हेच सांगते.

गंगावेशचा_कट्टा
रात्री जेवून एकटाच कट्ट्यावर. समोर म्हशीची धार, फेसासकट ग्लास. बायको म्हणते शुगर वाढेल.

तांबडा_पांढरा
आबा, साखर घालून घेताय व्हय?

गंगावेशचा_कट्टा
धारोष्ण दुधात साखर? कुठल्या गावचा रे तू?

तिसरी_घंटा
नाटकाला मी कायम एकटी. शेजारून "आता काय झालं?" विचारणारं कुणी नको. २०२४ च्या ऑगस्टात केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा मात्र अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडले.

राजारामपुरी_८वी_गल्ली
घंटाताई, नाटकवाल्यांत पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का? ह्यांची पेटी आहे, भाता फाटलाय.

तिसरी_घंटा
आहेत एक. हात चांगला, पण बोलतात फार.

राजारामपुरी_८वी_गल्ली
चालतंय. संध्याकाळी पाठवा, गणित झाल्यावर.