अनुभव धागा : ई-रीडरवर परदेशी पेपर

फ्रेंचचा वर्ग सुटला तशी माझी भाषाही सुटायला लागली. 'ल माँद' हा फ्रेंच पेपर वाचायला मिळायचा तो वाचनालयात, तोही आठ-दहा दिवसांचा शिळा. किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-रीडर (पुस्तकं-पेपर वाचायचं पाटीसारखं यंत्र), २००७ साली अमेरिकेत आलं तेव्हाच त्यावर 'ल माँद' होता. २००९ पासून ते भारतातही मागवता येऊ लागलं आणि मी बोनसच्या पैशांतून घेतलं. अंक उघडला तर वर उद्याची तारीख! वाटलं, यंत्राचं घड्याळ चुकलंय. मग कळलं, हा पेपर पॅरिसमध्ये दुपारी निघतो आणि त्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख घालायची त्यांची पद्धतच आहे.

फोनवर मी बातम्या चाळते. ई-रीडरवर पेपर वाचते, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत, मधे कुणी डोकावत नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. सप्टेंबर २०२३ मध्ये किंडलवरची पेपरांची वर्गणी बंद झाली, तेव्हापासून जो तो आपापली वाट शोधतोय. कुठला पेपर वाचता, कसा मिळवता, कुठे अडतं, सविस्तर लिहा.

*

मी जर्मनवाली, पुण्यातलीच. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो म्हणून फार आनंदात होते. पण जर्मन क्रियापद वाक्यात फुटतं, अर्धं पुढे आणि अर्धं पार पूर्णविरामाला टेकलेलं. 'बैठक सोमवारी होणार' अशा वाक्यात पुढे असतं 'फिंडेट'. बोट ठेवलं की कोश सांगतो, सापडणे. बैठक कशी सापडेल? वाक्याच्या टोकाला 'श्टाट' असा एवढासा तुकडा असतो, तो जोडला की 'श्टाटफिंडन', म्हणजे होणे, पार पडणे. अक्षर मोठं ठेवलं तर तो तुकडा पुढच्या पानावर जातो. म्हणून आता एकच नियम पाळते : पूर्णविराम येईपर्यंत बोट लावायचं नाही. या एका सवयीने वाचन सुधारलं तेवढं वर्गातही सुधारलं नव्हतं.

हॅम्बुर्गचं 'डी त्साइट' हे साप्ताहिक वाचते. कागदावर त्याचं पान एवढं मोठं की दोन्ही हात फाकवून धरावं लागतं. इथे एकेक लेख सरळ उतरतो. शोधलेले शब्द किंडल साठवून ठेवतं, ते रविवारी वहीत उतरवून घेते.

*

वाट विचारली आहे म्हणून लिहितो. मी ठाण्याचा. 'कॅलिब्र' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. कोविद गोयल यांनी २००६ साली ते लिहायला घेतलं, कारण सोनीचं तेव्हाचं ई-रीडर लिनक्स ही प्रणाली असलेल्या संगणकावर चालत नव्हतं. त्यात बातम्या उतरवून घ्यायची सोय आहे आणि त्यासाठी जगभरच्या वाचकांनी लिहिलेल्या 'रेसिपी' आहेत. रेसिपी म्हणजे कुठल्या पेपरच्या साइटवरून काय घ्यायचं, काय गाळायचं हे सांगणारा, पायथन या संगणकाच्या भाषेतला छोटा प्रोग्राम. तुमचा पेपर यादीत नसेल तर आरएसएस फीडचा (साइटवरच्या ताज्या बातम्यांची आपोआप बदलणारी यादी) पत्ता देऊन स्वतःची रेसिपी बनवता येते. मुळात सात दिवसांच्या आणि एका फीडमागे शंभरपर्यंत बातम्या असं ठरलेलं असतं. मी ते एक दिवस आणि पंधरा बातम्या असं करून टाकतो, नाहीतर पोतंभर येतं आणि वाचून काहीच होत नाही. साइटची रचना बदलली की रेसिपी मोडते, तेव्हा चार दिवस धीर धरा, कुणीतरी दुरुस्त करतं.

आणि पेपर वर्गणीचा असेल तर वर्गणी भरा. वार्ताहरांचे पगार त्यातूनच निघतात.

*

मडगाव. आमचे आबा ८८ वर्षांचे. शाळा पोर्तुगीज, घर मराठी, सकाळचा पेपर 'ओ हेराल्दो'. १९०० साली सुरू झालेलं हे पोर्तुगीज दैनिक १९८३ साली इंग्रजी झालं आणि आबांचा पेपर गेला तो गेलाच. गेल्या वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मी ई-रीडर आणलं. वर ठाणेकरांनी सांगितलंय त्याच पद्धतीने लिस्बनच्या एका पेपरची फीड घातली.

आबांनी दोन ओळी वाचल्या आणि चष्मा काढला. "किती चुका ह्या!" मला तर एकही दिसेना. मग त्यांनी नखाने दाखवलं, "हांगा सी हवा. आणि हांगा पी हवा." चुका नव्हत्या त्या. १९९० च्या शुद्धलेखन करारानुसार उच्चारात न येणारे सी आणि पी पोर्तुगालने लिहिण्यातूनही काढून टाकलेत, आणि आबांच्या नजरेला ती गाळलेली अक्षरंच टोचत होती. शोधलं तर 'पुब्लिकु' हा पेपर तो करार मानत नाही, जुन्याच पद्धतीने लिहितो. त्याची फीड घालून दिली. आबा वाचायला लागले, ओठ हलत होते, चहा निवून गेला.

अक्षर इतकं मोठं केलंय की पानावर सात-आठ ओळी मावतात. ओळीवरून बोट फिरवत वाचायची त्यांची सवय, त्यामुळे मधेच पान उलटतं. मग मला हाक येते, "पळालं गो पान." मी ते परत आणून देते.

*

तोक्योहून. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या सोप्या जपानीतल्या बातम्यांत कांजीच्या (चिनीवरून आलेल्या चित्राक्षरांच्या) डोक्यावर हिरागानात, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या सोप्या लिपीत, उच्चार छापलेला असतो. मी पान ई-रीडरवर पाठवलं तर सगळे उच्चार डोक्यावरून खाली उतरून ओळीत घुसले, प्रत्येक शब्द दोनदा. कुणाकडे उपाय असेल तर सांगा.

*

सातारा. मी भाषा शिकण्यासाठी वाचत नाही. मुलगा डब्लिनला आहे म्हणून 'आयरिश टाइम्स' वाचतो. पूर्वी फोन आला की "जेवलास का, थंडी आहे का" याच्यापुढे गाडी जात नव्हती. आता मला तिथली घरभाडी माहीत आहेत, 'लुअस' म्हणजे ट्राम हे माहीत आहे. पंतप्रधानांना ते 'टीशॉक' म्हणतात. स्पेलिंगवरून तो उच्चार कुणालाही कळणार नाही, मुलाने फोनवर तीनदा म्हणून दाखवला तेव्हा माझी जीभ वळली.

जानेवारी २०२५ मध्ये तिकडे एओविन वादळ आलं. सगळ्या देशाला रेड वॉर्निंग होती. ते गुरुवारी इथे ओट्याजवळ उभं राहून मी हिला वाचून दाखवलं. लगेच फोन लावला. तो कामात होता, "बघतो बाबा" म्हणाला. मी सांगितलं, बघू नको, पॉवर बँक आत्ता चार्जिंगला लाव आणि पाणी भरून ठेव. शुक्रवारी पहाटे वादळ आलं, वाऱ्याचा वेग ताशी १८३ किलोमीटरपर्यंत गेला, लाखो घरांची वीज गेली. आम्ही दोघं दिवसभर त्या राखाडी पडद्यासमोर बसून होतो.

रात्री फोन वाजला. "बाबा, चार्ज केली होती."